ग्राही : संज्ञा, पदार्थ आणि निदान

स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढली की तिचा अंश विकृतिविज्ञानाच्या प्रयोगशाळेत जातो आणि काही दिवसांनी अहवाल येतो. गाठीचा आकार, तिची प्रत, काखेतील लसीकाग्रंथींची स्थिती यांच्या जोडीला त्या अहवालात दोन ओळी हमखास असतात. इस्ट्रोजेन-ग्राही आहे की नाही आणि प्रोजेस्टेरॉन-ग्राही आहे की नाही, एवढेच त्या ओळी सांगतात. रुग्णेला पुढील पाच किंवा दहा वर्षे रोज एक गोळी घ्यावयाची की नाही, हे प्रामुख्याने या दोन ओळींवर ठरते. एका शब्दावर एवढा भार पडावा ही साधी गोष्ट नव्हे. आणि हा शब्द ज्या पदार्थाचा वाचक आहे, तो पदार्थ अर्धे शतक केवळ शब्दरूपानेच अस्तित्वात होता, ही तर त्याहून लक्षणीय गोष्ट होय. प्रस्तुत निबंधात या शब्दाचा आणि त्या पदार्थाचा इतिहास संक्षेपाने मांडला आहे. संज्ञा आधी आली व संज्ञी मागाहून सापडला; त्या दोहोंमधील अंतर ज्ञानाच्या अभावाने जितके लांबले, तितकेच प्रश्नाच्या चुकीच्या मांडणीनेही लांबले, हे या इतिहासावरून दिसून येते.

१. ग्लासगो येथील शस्त्रक्रिया

या इतिहासाचा प्रारंभ ग्राहीपासून होत नाही, किंबहुना संप्रेरकापासूनही होत नाही. कारण १८९५ साली यांपैकी एकही शब्द वैद्यकात रूढ नव्हता. ग्लासगो येथील शल्यचिकित्सक जॉर्ज टॉमस बीटसन यांच्याकडे त्या वर्षी ३३ वर्षांची एक विवाहित स्त्री आली. तिच्या स्तनावर पूर्वी शस्त्रक्रिया झाली होती, परंतु रोग पुन्हा उद्भवून छातीच्या त्वचेवर पसरला होता आणि तो आता शल्यचिकित्सेच्या आवाक्याबाहेर गेला होता. बीटसन यांनी १५ जून १८९५ रोजी तिचे दोन्ही बीजकोश काढून टाकले. सुमारे आठ महिन्यांनी पाहता गाठी नाहीशा झाल्या होत्या. या व अशाच अन्य रुग्णांचा वृत्तांत १८९६ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ती स्त्री पुढे सुमारे चार वर्षे जगली.

बीटसन यांच्या या धाडसामागे एक विचार होता. तरुणपणी त्यांनी आपला वैद्यकीय प्रबंध दुग्धस्रवणाच्या विषयावर लिहिला होता. काही देशांत गाईंचे बीजकोश काढून टाकतात व त्यामुळे त्या अधिक काळ दूध देत राहतात, ही शेतकऱ्यांची रीत त्यांच्या वाचनात आली होती. स्तन आणि बीजकोश यांमध्ये मज्जातंतूंचा साक्षात संबंध नसूनही एकाचे दुसऱ्यावर नियंत्रण असते, असे त्यांनी यावरून अनुमानले. हे नियंत्रण कशाच्या द्वारे चालते, हे मात्र त्यांना सांगता येणे शक्य नव्हते.

पुढे काही वर्षांत ही शस्त्रक्रिया अनेकांनी केली. लंडनचे स्टॅन्ली बॉइड यांनी १९०० साली अशा रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा सुमारे एक-तृतीयांश स्त्रियांनाच निश्चित लाभ झाल्याचे आढळले. हा आकडा पुढील सत्तर वर्षांच्या इतिहासाचा सूत्रधार ठरला. शल्यचिकित्सक बदलले, कोणती ग्रंथी काढावयाची हेही बदलले, परंतु तीनांतील एक हे प्रमाण बदलले नाही. उरलेल्या दोघी शस्त्रक्रियेचे दुःख सोसत, पण तिचा लाभ मात्र त्यांच्या वाट्यास येत नसे. आणि कोणती स्त्री त्या एकीत मोडेल व कोणती त्या दोघींत, हे आधी सांगण्याचे काहीही साधन नव्हते.

२. दोन संज्ञांचा जन्म

विसाव्या शतकाच्या पहिल्या पाच वर्षांत या विषयाला दोन शब्द मिळाले. पहिला शब्द ‘हॉर्मोन’. विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०२ साली आतड्यातून रक्तात मिसळणाऱ्या व स्वादुपिंडाला चालना देणाऱ्या सिक्रेटिन या द्रव्याचा शोध लावला. अशा द्रव्यांच्या संपूर्ण वर्गासाठी स्टार्लिंग यांनी १९०५ सालच्या आपल्या लंडन येथील व्याख्यानांत हा शब्द योजला. ‘चेतविणे’, ‘चालना देणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूपासून तो साधला आहे. मराठीतील ‘संप्रेरक’ हा प्रतिशब्द तोच आशय संस्कृत ‘ईर्’ धातूच्या आधाराने व्यक्त करतो. म्हणजे येथे भाषांतरकारांनी ध्वनी सोडून अर्थ घेतला. इस्ट्रोजेन या नावाची कुळकथाही मनोरंजक आहे. त्याच्या मुळाशी असलेला ग्रीक शब्द गुराढोरांना दंश करून उधळविणाऱ्या माशीचा वाचक होता. त्यावरून तो उन्मादाचा, आणि पुढे पशूंच्या माजाचा वाचक झाला. मराठी विश्वकोशाने योजलेल्या ‘स्त्रीमदजन’ या पारिभाषिक शब्दात हा अर्थ पुरतेपणी उतरला आहे, जरी व्यवहारात तो रुळला नाही.

दुसरा शब्द ‘रिसेप्टर’, म्हणजे ग्राही. विषारी द्रव्ये पेशीवर परिणाम करतात ती पेशीच्या ठिकाणी त्यांना धरून ठेवणारे काही विशिष्ट घटक असतात म्हणून, अशी उपपत्ती जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी मांडली आणि १९०० च्या सुमारास त्या घटकांना हे नाव दिले. केंब्रिजचे जॉन लँग्ली निकोटिन आणि क्युरारी यांचा स्नायूंवरील परिणाम अभ्यासत असता स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाला आले व १९०५ साली त्यांनी ‘ग्रहणशील द्रव्य’ ही कल्पना मांडली. दोघांच्याही लेखी ग्राही हे एक अनुमान होते. परिणाम दिसतो, त्याअर्थी तो घेणारे काहीतरी असले पाहिजे, असा हा तर्क होता. धुरावरून अग्नीचे अनुमान करावे तसे हे अनुमान होते. फरक इतकाच की, हा अग्नी पूर्वी कोणी कोठेही पाहिलेला नव्हता.

संप्रेरकाचे नशीब ग्राहीपेक्षा चांगले निघाले. एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी यांनी बीजकोशातील संप्रेरक मोजण्याची जैव कसोटी १९२३ साली सिद्ध केली. १९२९ साली अमेरिकेत डॉइझी यांनी व जर्मनीत आडोल्फ बुटेनांट यांनी इस्ट्रोन हे संप्रेरक शुद्ध रूपात वेगळे केले. त्याची रासायनिक रचना लवकरच कळली. अशा रीतीने ‘हॉर्मोन’ या शब्दाला त्याचा पदार्थ पंचवीस वर्षांच्या आत मिळाला. ‘ग्राही’ हा शब्द मात्र पदार्थावाचून तसाच राहिला.

दरम्यान वैद्यक आपल्या मार्गाने पुढे जात होते. शिकागो विद्यापीठातील चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ साली असे दाखविले की, पुरुषांच्या अष्ठीला ग्रंथीचा पसरलेला कर्करोग वृषण काढल्याने किंवा इस्ट्रोजेन दिल्याने ओसरतो. कर्करोगाच्या पेशी पूर्णतः स्वैर नसतात, त्यांतील काही शरीराच्या रासायनिक आज्ञेत असतात, हे यामुळे सिद्ध झाले. हगिन्स यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे कॉर्टिसोन उपलब्ध झाल्यावर हगिन्स व बर्गेनस्टाल यांनी १९५२ साली स्तनाच्या कर्करोगासाठी दोन्ही अधिवृक्क ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया प्रचारात आणली. स्वीडनमध्ये मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथीही काढली जाऊ लागली. या शस्त्रक्रिया बीटसन यांच्या शस्त्रक्रियेहून कितीतरी अधिक गंभीर होत्या. त्यांचे फळ मात्र पूर्वीचेच, सुमारे तीनांत एक असेच होते.

३. कर्ता आणि कर्म

हगिन्स यांच्या शिकागो येथील प्रयोगशाळेत एलवुड जेन्सन हे रसायनशास्त्रज्ञ काम करीत होते. इस्ट्रोजेनच्या कार्याविषयी त्या काळी प्रचलित असलेले मत असे की, ते संप्रेरक पेशीतील एंझाइमांच्या क्रियेत भाग घेते. त्याचे एका रूपातून दुसऱ्या रूपात वारंवार रूपांतर होते व त्या ओघात हायड्रोजनची देवघेव होऊन पेशीच्या वाढीस चालना मिळते. या मतानुसार संशोधकांपुढील प्रश्न एकच होता, तो म्हणजे संप्रेरक ऊतकाचे काय करते? जेन्सन यांनी प्रश्न उलटा केला आणि ऊतक संप्रेरकाचे काय करते, असे विचारले. शब्द तेच राहिले, परंतु कर्ता कर्माच्या जागी गेला आणि कर्म कर्त्याच्या. या एका विभक्तिपालटाने संशोधनाची दिशा बदलली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

जेन्सन हे गिर्यारोहकही होते. स्वित्झर्लंडमधील वास्तव्यात त्यांनी मॅटरहॉर्न हे शिखर सर केले होते. एडवर्ड व्हिंपर यांना इटलीच्या बाजूने पुनःपुन्हा अपयश आले आणि १८६५ साली अधिक अवघड दिसणाऱ्या स्विस कड्याने ते शिखरावर पोचले, या इतिहासाचा दाखला जेन्सन आपल्या पद्धतीच्या समर्थनार्थ पुढे देत असत.

प्रश्न उलटणे सोपे होते, परंतु उत्तर मिळविणे कठीण होते. शरीरातील इस्ट्रोजेनचे प्रमाण इतके सूक्ष्म असते की, नेहमीच्या रासायनिक साधनांना त्याचा माग लागत नाही. जेन्सन आणि त्यांचे सहकारी हर्बर्ट जेकबसन यांनी इस्ट्रॅडायॉलच्या रेणूत ट्रिटियम हा किरणोत्सर्गी हायड्रोजन बसविला व या खुणेच्या संप्रेरकाची अत्यल्प मात्रा अप्रौढ उंदरांच्या माद्यांना टोचली. मग वेगवेगळ्या अवयवांतील किरणोत्सर्ग मोजला. रक्त, यकृत, मूत्रपिंड, स्नायू या ठिकाणी संप्रेरक आले आणि निघून गेले. गर्भाशय आणि योनिमार्ग या ठिकाणी मात्र ते रक्तातील प्रमाणाहून अधिक प्रमाणात साचले व कित्येक तास टिकून राहिले. शिवाय गर्भाशयातील संप्रेरक काढून तपासले असता त्यात कसलाही रासायनिक बदल झालेला नव्हता. ज्याचे रूपांतर होत नाही ते रूपांतराच्या द्वारे कार्य करू शकत नाही, आणि जे एका ठिकाणी धरून ठेवले जाते त्याला धरणारे काहीतरी तेथे असलेच पाहिजे. प्रचलित मत कोसळण्यास एवढे पुरेसे होते.

हे निष्कर्ष जेन्सन यांनी १९५८ साली व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय जीवरसायन परिषदेत वाचले. त्याच वेळी शेजारच्या सभागृहात एंझाइम-उपपत्तीवरील बैठक चालू होती आणि तेथे प्रचंड गर्दी होती. जेन्सन यांना पाचच श्रोते लाभले व त्यांपैकी तिघे त्याच बैठकीतील अन्य वक्ते होते, असे ते पुढे सांगत. इंग्लंडमध्ये ग्लॅस्कॉक आणि हूकस्ट्रा यांनी शेळ्यामेंढ्यांवर हेक्सेस्ट्रॉल या कृत्रिम इस्ट्रोजेनचे असेच प्रयोग केले व १९५९ साली त्यांना तेच दिसून आले. इलिनॉय विद्यापीठातील डेव्हिड टॉफ्ट व जॅक गोर्स्की यांनी १९६६ साली गर्भाशयाच्या पेशींचा अर्क साखरेच्या द्रावणाच्या थरांतून अपकेंद्री यंत्रात वेगाने फिरविला, तेव्हा किरणोत्सर्गी संप्रेरक एका ठराविक आकाराच्या मोठ्या रेणूशी जडलेले आढळले व तो रेणू प्रथिनाचा असल्याचे सिद्ध झाले. एर्लिख आणि लँग्ली यांच्या शब्दाला इस्ट्रोजेनच्या बाबतीत अशा रीतीने पदार्थ मिळाला.

संज्ञेला पदार्थ मिळाला म्हणून त्याविषयीचे सर्व वर्णन खरे ठरते असे मात्र नाही. ग्राही पेशीद्रवात वाट पाहत बसतो आणि संप्रेरक भेटले की ते घेऊन केंद्रकात जातो, अशी उपपत्ती १९६८ मध्ये मांडण्यात आली व ती दीर्घ काळ पाठ्यपुस्तकांत राहिली. १९८४ साली दोन स्वतंत्र संशोधकगटांनी दाखविले की, संप्रेरक नसतानाही हा ग्राही मुख्यतः केंद्रकातच असतो. पेशी फोडताना तो तेथून गळून पेशीद्रवात मिसळत असे. त्या दोन गटांपैकी एक शिकागोचा आणि दुसरा गोर्स्की यांचा स्वतःचाच होता.

४. तीनांतील एक कोण?

ग्राही हे प्रथिन असून ते ठराविक पेशींतच असते, हे कळताच जुन्या कोड्याचे उत्तर दृष्टिपथात आले. सर्व पेशींच्या केंद्रकांत जनुके बहुतांशी तीच असतात; परंतु प्रत्येक पेशी त्यांपैकी काहींचेच वाचन करते व त्यांनुसार प्रथिने घडविते. यालाच जनुकाची किंवा प्रथिनाची अभिव्यक्ती म्हणतात. स्तनाच्या निरोगी पेशींपैकी काहींमध्ये ग्राहीची अभिव्यक्ती असते. कर्करोगाच्या पेशींत ती काही रुग्णांत टिकते, नव्हे वाढते. काहींत ती लोपते. जेथे ग्राही आहे तेथेच संप्रेरकाचा शब्द ऐकला जातो. मग ज्या गाठीत तो ऐकणाराच नाही, तिच्यासाठी बीजकोश किंवा अधिवृक्क ग्रंथी काढून उपयोग काय?

या दिशेचे पहिले पाऊल १९६१ साली इंग्लंडमध्ये पडले. फोल्का, ग्लॅस्कॉक आणि अर्व्हिन यांनी प्रगत कर्करोगाच्या स्त्रियांना खुणेचे हेक्सेस्ट्रॉल दिले. ज्यांच्या गाठींनी ते अधिक प्रमाणात साठविले, त्यांनाच पुढे ग्रंथी काढल्याचा लाभ झाल्याचे दिसले. रुग्णेच्या शरीरात किरणोत्सर्गी द्रव्य न घालता गाठीच्या तुकड्यावरच परीक्षा करण्याची रीत जेन्सन व इतरांनी विकसित केली. गाठीचा तुकडा तत्काळ गोठवावयाचा, त्याचा अर्क काढावयाचा, त्यात खुणेचे इस्ट्रॅडायॉल मिसळावयाचे, आणि मग डेक्स्ट्रानचा लेप दिलेल्या कोळशाच्या भुकटीने सुटे राहिलेले संप्रेरक शोषून घ्यावयाचे. जे उरते ते ग्राहीला जडलेले संप्रेरक होय. हे माप फेम्टोमोल या एककात, म्हणजे मोलच्या १०⁻¹⁵ इतक्या भागात, व्यक्त होई. तुकडा थोडा वेळ उबेत राहिला तरी ग्राही नष्ट होई; त्यामुळे शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी बर्फ घेऊन उभे राहणे हाही या परीक्षेचाच एक भाग झाला.

अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९७४ साली बेथेस्डा येथे विविध देशांतील संशोधकांना एकत्र आणून त्यांच्या नोंदी ताडून पाहिल्या. ग्राही असलेल्या गाठींपैकी सुमारे ५५ ते ६० टक्के गाठी संप्रेरकविषयक उपचारांना दाद देत होत्या. ग्राही नसलेल्या गाठींत हे प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली होते. बॉइड यांच्या आकड्याला पाऊण शतकानंतर स्पष्टीकरण मिळाले. एक-तृतीयांश हे उपचाराचे प्रमाण नव्हते, तर दोन भिन्न रोगसमूहांच्या मिश्रणाचे प्रमाण होते. एकच नाव असलेला रोग प्रत्यक्षात एक नव्हता.

तथापि ग्राही असूनही पुष्कळ गाठी दाद देत नव्हत्या. टेक्ससमधील कॅथरिन हॉरविट्झ आणि विल्यम मॅकग्वायर यांनी १९७५ साली यावर एक तर्कशुद्ध कल्पना सुचविली. प्रोजेस्टेरॉनचा ग्राही हे प्रथिन इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली तयार होते. म्हणून तो पेशीत आढळणे ही इस्ट्रोजेन-ग्राही नुसता उपस्थित नसून कार्यरत असल्याची खूण मानावी. दोन्ही ग्राही असलेल्या गाठींपैकी सुमारे तीन-चतुर्थांश गाठी उपचारांना दाद देतात, असे पुढे आढळून आले. आजच्या अहवालातील दुसरी ओळ ती हीच. पहिल्या ओळीतील प्रथिन घरात आहे एवढे पहिली ओळ सांगते. ते कामावर आहे की नाही, हे दुसरीवरून कळते.

५. सातव्या प्रयत्नातील पेशी

रुग्णेच्या गाठीवरील परीक्षा एकदाच होते. तुकडा संपला की पुरावा संपतो. ग्राहीचे कार्य समजून घ्यावयाचे तर प्रयोगशाळेत अखंड वाढत राहणाऱ्या मानवी पेशी हव्या होत्या. त्या एका कॅथलिक जोगिणीकडून मिळाल्या. १९७० साली तिच्या छातीच्या पोकळीत साचलेले, कर्करोगाच्या पेशींनी युक्त असे पाणी काढण्यात आले. त्या वेळी ती ६९ वर्षांची होती. डेट्रॉइटच्या मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमधील हर्बर्ट सूल यांनी त्या पेशी काचपात्रात वाढविल्या. ही पेशीमालिका १९७३ साली जाहीर झाली. संस्थेच्या नावाची आद्याक्षरे व सातवा प्रयत्न यांवरून तिला ‘एमसीएफ-७’ असे नाव पडले. ती स्त्री १९७० मध्येच वारली. तिच्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत.

या पेशींत इस्ट्रोजेन-ग्राही होता, हे त्यांचे मोल. मार्क लिपमन यांनी १९७५ साली दाखविले की, इस्ट्रोजेन दिल्यास या पेशींची वाढ जोमाने होते व प्रतिइस्ट्रोजेन दिल्यास ती खुंटते. शरीरातील अन्य कोणत्याही घटकाच्या मध्यस्थीवाचून, काचपात्रात, संप्रेरक आणि कर्कपेशी यांचा संबंध प्रथमच समोर मांडता आला. जेन्सन यांचे सहकारी जॉफ्री ग्रीन यांनी याच पेशींतील ग्राही वापरून १९८० साली त्याविरुद्ध एककृंतकी प्रतिपिंडे तयार केली. ग्राही आता किरणोत्सर्गाच्या आकड्यातून बाहेर येऊन सूक्ष्मदर्शकाखाली रंगलेल्या केंद्रकाच्या रूपाने डोळ्यांना दिसू लागला. १९८६ साली ग्रीन यांच्या गटाने शिकागोत व प्येर शांबाँ यांच्या गटाने स्ट्रासबर्ग येथे एमसीएफ-७ पेशींच्याच आधारे या ग्राहीचा संपूर्ण जनुकीय संदेश वाचला. तो ५९५ ॲमिनो आम्लांचा निघाला. त्याचा एक भाग संप्रेरकाला धरतो, दुसरा डीएनएला. म्हणजे ग्राही हा केवळ घेणारा नाही. घेतलेला निरोप तो स्वतःच जनुकापर्यंत पोचवितो व त्याचे वाचन सुरू करवितो. त्या अर्थी ‘ग्राही’ हे त्याचे नाव अपुरे आहे. परंतु रूढ झालेले नाव अपुरे ठरले म्हणून टाकले जात नाही, त्याचा अर्थ मात्र विस्तारतो.

या सर्व शब्दव्यवहाराकडे भाषेच्या अभ्यासकांनी लक्ष द्यावे असे आहे. प्रतिलेखन, भाषांतर, संदेश, अभिव्यक्ती ही रेणवीय जीवविज्ञानाची परिभाषा भाषेच्या क्षेत्रातून उसनी घेतलेली आहे. ती सोयीची आहे, पण फसवीही आहे. पेशीत बोलणारा कोणी नसतो आणि ऐकणाराही नसतो. आकाराला आकार जुळतो, एवढेच घडते. तो आकार जुळण्याचा प्रकार किती सूक्ष्म असतो, हे पुढील उदाहरणावरून कळेल.

६. फसलेल्या औषधाचे यश

इंग्लंडमधील आयसीआय या रासायनिक कंपनीच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन यांनी १९६२ साली एक संयुग तयार केले. त्याला ४६४७४ असा क्रमांक मिळाला. आर्थर वॉलपोल यांच्या मार्गदर्शनाखाली चाललेले हे संशोधन संततिप्रतिबंधासाठी होते. उंदरांत ते संयुग गर्भधारणा रोखी. स्त्रियांत मात्र त्याने उलट बीजविमोचनास चालना मिळते, असे आढळले. मूळ हेतूच्या दृष्टीने औषध फसले. मँचेस्टरच्या क्रिस्टी रुग्णालयात मेरी कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रगत स्तनकर्करोगाच्या ४६ रुग्णांना दिले व १९७१ साली त्यांपैकी १० जणींना लाभ झाल्याचे प्रसिद्ध केले. हेच टॅमॉक्सिफेन. ब्रिटनमध्ये १९७३ साली व अमेरिकेत १९७७ साली त्याला मान्यता मिळाली. ते ग्राहीला बांधते व गाठ वाढू देत नाही, हे प्राण्यांवरील पद्धतशीर प्रयोगांनी दाखवून देण्यात आणि ते दीर्घ काळ द्यावे असा आग्रह धरण्यात क्रेग जॉर्डन यांचा वाटा मोठा होता.

या औषधाचे कार्य ग्राहीच्या आकारावर अवलंबून आहे. इस्ट्रोजेन येऊन बसले की ग्राहीचा एक लहानसा सर्पिल भाग त्याच्यावर झाकणासारखा मिटतो व साहाय्यक प्रथिनांना जोडले जाण्याची जागा तयार होते. टॅमॉक्सिफेनच्या रेणूला एक लांब शाखा आहे. तिच्यामुळे ते झाकण मिटत नाही आणि ती जागाच अडते. हे स्फटिकांच्या क्ष-किरण अभ्यासाने १९९७-९८ मध्ये स्पष्ट झाले. साहाय्यक प्रथिने मात्र निरनिराळ्या ऊतकांत निरनिराळी असतात. त्यामुळे स्तनात इस्ट्रोजेनला विरोध करणारे हे औषध हाडांत व गर्भाशयात इस्ट्रोजेनसारखेच वागते. हाडांना त्याचा लाभ होतो. गर्भाशयाच्या अंतःस्तराचा कर्करोग होण्याचा धोका मात्र वाढतो.

अनेक देशांतील चिकित्सापरीक्षांचे एकत्रित विश्लेषण २०११ साली प्रसिद्ध झाले. ग्राही असलेल्या स्त्रियांनी पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्यास पहिल्या पंधरा वर्षांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटतात. ग्राही नसलेल्या स्त्रियांत मात्र त्याचा काहीच उपयोग दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. अहवालातील त्या ओळीचे वजन किती, हे यावरून कळते.

७. ‘आहे’ या शब्दाची सीमा

ग्राहीची परीक्षा शेवटी ‘आहे’ किंवा ‘नाही’ या दोन शब्दांत सांगितली जाते. निसर्गात मात्र अशी दुफळी नसते. काही गाठींत जवळजवळ प्रत्येक पेशी ग्राहीयुक्त असते, काहींत शंभरांत दोन-चारच. अमेरिकेतील तज्ज्ञसंस्थांनी २०१० साली असे ठरविले की, एक टक्का पेशींची केंद्रके रंगली तरी गाठ ग्राहीयुक्त समजावी. उपचाराचा संभाव्य लाभ कोणाही स्त्रीला नाकारला जाऊ नये, हा त्यामागील हेतू होता. २०२० साली त्याच संस्थांनी एक ते दहा टक्के या गटासाठी ‘अल्प ग्राहीयुक्त’ अशी वेगळी नोंद करावी असे सुचविले. कारण त्या गटातील कित्येक गाठी वागणुकीने ग्राहीहीन गाठींना जवळच्या असतात. म्हणजे ‘आहे’ या शब्दाची सीमा निसर्गाने आखलेली नाही. ती पुराव्याचा आणि हिताहिताचा विचार करून माणसांनी आखली आहे.

शिवाय ‘नाही’ हा शब्द वस्तूच्या अभावाचा वाचक असेलच असे नाही. तो कधी परीक्षेच्या दोषाचाही वाचक असतो. गाठ काढल्यापासून एका तासाच्या आत ती फॉर्मॅलिनमध्ये पडावी व तेथे सहा तासांहून कमी आणि बहात्तर तासांहून अधिक राहू नये, असा दंडक आहे. तो मोडला तर असलेला ग्राहीही दिसेनासा होतो. शस्त्रक्रियागृह आणि प्रयोगशाळा यांमध्ये अंतर असते आणि मनुष्यबळ अपुरे असते अशा ठिकाणी हा धोका विशेष. पूर्वी बर्फाचे जे महत्त्व होते, ते आता फॉर्मॅलिनच्या बाटलीला आणि घड्याळाला आले आहे.

आणि ग्राही स्वतःही स्थिर नाही. शरीरातील इस्ट्रोजेनची निर्मिती रोखणारे उपचार दीर्घ काळ चालू राहिले, तर काही रुग्णांत ग्राहीच्या जनुकात असा बदल होतो की तो संप्रेरकावाचूनच कार्य करू लागतो. २०१३ साली अनेक गटांनी हे दाखविले. अशा बदललेल्या ग्राहीला निष्प्रभ करणारे एलासेस्ट्रंट हे औषध २०२३ साली अमेरिकेत मान्य झाले. ग्राही एकच आहे ही समजूत तर त्यापूर्वीच मोडली होती. १९९६ साली स्वीडनमधील संशोधकांना इस्ट्रोजेनचा दुसरा ग्राही सापडला आणि पहिल्याला ‘आल्फा’ हे विशेषण लावणे भाग पडले.

बीटसन यांच्या त्या ३३ वर्षांच्या रुग्णेच्या पेशींत ग्राही असला पाहिजे, हे अनुमान आज करता येते. तिच्या गाठी विरघळल्या हाच त्याचा पुरावा. परंतु हा इतिहास तिच्याइतकाच इतर स्त्रियांचाही आहे. १८९५ पासून १९७४ पर्यंत ज्यांच्या ग्रंथी काढल्या गेल्या आणि ज्यांना त्याचा काही लाभ झाला नाही, अशा स्त्रिया प्रत्येक तीनांत दोन होत्या. त्यांच्यावर शस्त्रक्रिया करणारे हात कुशल होते, हेतूही शुद्ध होते. ऊतक संप्रेरकाचे काय करते, हा प्रश्न तेवढा कोणी विचारला नव्हता. आज अहवालातील एका ओळीवरून ग्राहीहीन गाठीच्या स्त्रीला व्यर्थ उपचारापासून वाचविता येते. ती ओळ लिहिताना एक टक्का आणि एक तास यांची काळजी घेणे, हे त्या दोघींचे ऋण फेडण्यासारखे आहे.